धोंड्याच्या महिन्यातलं विमान

सासऱ्यांचं, भगवानरावांचं, उपरणं धुवायला घेतलं की वर्षाराणी आधी त्याचा गाठीचा शेव शोधायची. तो मुठीत धरायचा आणि बाकीचं उपरणं दगडावर आपटायचं. एखाद्या दिवशी घाईत विसर पडला की शेवातली किल्ली दगडावर खणकन वाजायची आणि ओट्यावरून सासूबाई म्हणायच्या, "अगं हळू! माणसाच्या डोस्क्यात वाजतंय ते."

वर्षाराणीच्याही डोक्यातच वाजायचं.

किल्ली चकलांब्याच्या दुकानाची होती. तिचा नवरा अजिनाथ तिथं जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. बोअरच्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या. दिवाळी झाली आणि घरच्या कडबा कुट्टीच्या मशिनीत कडबा अडकला. लाईट गेलेली होती. स्विच तसाच चालू ठेवून अजिनाथनं आत हात घातला, आणि लाईट आली. मोटारीचा माणूस आन् स्विच बंद करायचं इसरला, हे गावानं मग पारावर, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत बोलून बोलून गुळगुळीत करून टाकलं. अंबाजोगाईला डॉक्टरांनी बोटं वाचवली, नसा जोडल्या. पण उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वाळल्या शेंगेसारखी ताठ झाली. त्याच आठवड्यात भगवानरावांनी दुकानाला कुलूप लावलं, किल्ली उपरण्याच्या शेवाला बांधली आणि गाठीवर गाठ मारली. "हात बरा झाला की सोडू," म्हणाले. त्यानंतर उपरणं इतक्यांदा धुतलं गेलं, की गाठ आवळून आवळून चिंचोक्यासारखी घट्ट झाली.

आज ती सुटणार होती. पण कुणासाठी, एवढंच वर्षाराणीला खुपत होतं.

अधिक महिना लागला होता. नणंद मंगलताई आणि तिचे मालक धोंड्याच्या जेवणाला यायचे होते. घर सगळं एका जागी बसणार, म्हणून जेवणं झाली की दुकानाचं काय ते बोलून टाकू, असं भगवानरावांनी काल सांगून ठेवलं होतं. काय बोलायचं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या जावेचा, द्वारकाचा, भाऊ लखन गेवराईत दुसऱ्याच्या दुकानात मोटारी भरत होता. त्याला चकलांब्याचं दुकान चालवायला द्यायचं. थोरल्या दिरांनी, बंकटदादांनी, ते मनात पक्कं केलं होतं.

वर्षाराणीचं म्हणणं एवढंच, की थोडं थांबा. पण धाकट्या सुनेनं थांबा म्हटल्यावर कोण थांबतं?

"वर्षे, पुरण सैल झालंय बघ," चुलीपाशी कणीक मळता मळता द्वारका म्हणाली. "ध्यान कुठं हाय तुझं?"

"हाय की अक्का, हितंच हाय."

"हितं न्हाई. त्या इमानात हाय." द्वारकानं कणकेची पारी करून तिच्या हातात दिली. "मी काय तुझी दुस्मन न्हाई बाई. भावजी बसून खाल्ले तरी ह्या घरात त्यांचं ताट कोण आडवं करणार न्हाई. पर दुकान कुलपात ठिवून काय आंडी उबवायचीत?"

"बसून खाणाराला ताट लागत न्हाई अक्का, दारू लागती," वर्षाराणी हळूच म्हणाली. "आन् एकदा दुसऱ्याच्या हातात गेलेलं दुकान परत मागायचं तोंड तुमच्या भावजींना हाय का? तुमीच सांगा. मागतील ते?"

पुरण भरलेल्या गोळ्याचं तोंड द्वारकानं जरा जास्तच जोरात दाबून बंद केलं.

मधल्या खोलीत, दाराच्या जुन्या फळीवर, विमान उभं होतं.

संक्रांतीला मंगलताईचे मालक उत्तरेश्वर एक लांबट खोकं घेऊन आले होते. फवारणीचं ड्रोन चालवायचा त्यांचा धंदा, आणि उडणाऱ्या सगळ्याच गोष्टींचं वेड. "दादा, हे विमान मला जमंना बघा. डोळे दुखत्यात," असं म्हणून त्यांनी खोकं अजिनाथपुढं सरकवलं. डोळ्यांचं खोटं होतं, हे चुलीपुढच्या मांजरालाही कळलं. मंगलताई अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स. बोटांना बारीक काम पाहिजे हे तिनंच नवऱ्याला सांगितलं असणार. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू अजिनाथनं कधीच अंगणातल्या कडुलिंबावर भिरकावला होता. तो अजून फांदीच्या बेचक्यात अडकलेला दिसतो.

खोक्यात लाकूडच लाकूड होतं. नवरदेवाच्या बाशिंगाचं भेंड असतं ना, तसं हलकं. नखानं वळ उठावा इतकं मऊ. पातळ फळ्यांतून कापलेल्या फासळ्या, काड्या, पट्ट्या आणि हे सगळं कुठं बसवायचं ते दाखवणारा एक भला मोठा नकाशा. पहिली फासळी अजिनाथच्या बोटांत मोडली. दुसरी मोडली. तो उठून मळ्यात निघून गेला तो अंधार पडल्यावरच आला. वर्षाराणीनं तुकडे वेचले आणि गोंदानं जोडून ठेवले. मग एका सकाळी, ती लेकीला पाजत बसलेली असताना, तो आपण होऊन फळीपुढं बसला. अंगठ्याच्या शेंड्याला काहीच कळत नव्हतं. म्हणून काड्या नकाशावर रोवून धरणारी टाचणी त्यानं पेराच्या सांध्यानं दाबायला सुरुवात केली.

असं ते वाढत गेलं. फासळ्या उभ्या राहिल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, अनारशावानी जाळी पडली की!" पंखांवर चढवायचा लाल-पिवळा पातळ कागद गरम करून ताणायचा असतो. ते काम वर्षाराणीचं. लेक झोपली की ती कपड्यांची इस्त्री घेऊन बसायची आणि सुरकुती नाहीशी होताना बघत राहायची. लेक, ईश्वरी, नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. एकदा तिनं पंखाच्या टोकाची फासळी उचलून चघळली. ती तशीच लावली. लाल कागदाखाली तिच्या दोन दातांची खूण हात फिरवला की लागते.

संध्याकाळी अजिनाथ मोबाईलला रिमोट जोडून पडद्यावरचं खोटं विमान उडवायचा. रोज पाडायचा. "आज किती मेले?" वर्षाराणी विचारायची. "सगळे," तो म्हणायचा आणि हसायचा. दिवाळीनंतर तो प्रथम हसला तो त्या मेलेल्या विमानांपायी.

ऊन तापायच्या आत लेक-जावई आले. पायांवर पाणी, डोळ्यांना पाणी, गूळपाणी झालं, आणि उत्तरेश्वर तडक मधल्या खोलीत गेले. पंखांखाली दोन बोटं धरून त्यांनी विमान उचललं. ते पुढंही झुकलं नाही, मागंही नाही. तराजूच्या काट्यासारखं जागच्या जागी थांबलं.

"वा दादा! तोल सोन्याचा हाय. मोटार फिरवून बघू आता."

बॅटरी जोडली. नाकावरचा पंखा भर्रकन फिरला, आणि विमान पुढं जायचं सोडून मागं मागं सरकायला लागलं. दारात उभे असलेले बंकटदादा खो खो हसले. "कावून बे आज्या, रिव्हर्स गेर टाकला का? का तुझं इमान बी सोयऱ्यावानी रुसलं?"

"उलटी फिरतीया," अजिनाथ म्हणाला. "बोअरची फिरती तशीच. दोन वायरी आदलाबदल केल्या की झालं."

आणि त्यानं विमान मांडीवर घेतलं, पोटातली झाकणी काढली आणि आत हात घालून त्या दोऱ्याएवढ्या बारीक वायरी काढून एकमेकींच्या जागी खोचल्या. उत्तरेश्वर ड्रोनचं काही सांगत होते, बंकटदादा अजून हसत होते. कुणाचंच लक्ष नव्हतं. एकटी वर्षाराणी बघत होती. हात उजवा होता. डावा पुढं आलाच नाही. त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

तिनं ईश्वरीला उगाच घट्ट धरलं. पोर किंचाळली.

पंगत ओसरीवर बसली. जावयाला पाट, रांगोळी, चांदीचा नसला तरी घासून चांदी केलेला गडवा. वाढून झालं, पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार पडली, तामणात तेहतीस अनारसे आणि वर तेवता दिवा असं वाण आलं. उत्तरेश्वर हात जोडून बसले आणि जेवेनात.

"घ्या की जावईबापू," सासूबाई चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"घेतो. पर अधिकाच्या जावयानं मागून घ्यावं म्हंत्यात. ते अजून मागितलं न्हाई."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मंगलताई मान खाली घालून ताटातलं मीठ सारखं करत होती. भगवानराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मागा. आमच्या ऐपतीतलं मागा म्हंजे झालं."

"आज सांच्याला दादांनी इमान उडवायचं. आपण समद्यांनी बघायला जायचं. आन् तवर दुकानाची गोष्ट कुणी तोंडातून काढायची न्हाई."

बंकटदादांचा घास हातात राहिला.

"दाजी, तुमी लई हुशार," ते शेवटी म्हणाले. हसून म्हणाले, पण पुरतं हसून नाही. "जावयाच्या तोंडातून वकिली चाललीय कुणाची, ते कळतंय आमाला." आणि त्यांनी भावाकडं पाहिलं. अजिनाथ भाताच्या मुदीकडं बघत होता.

"दादा, मी काय बोललो न्हाई त्यांना," तो म्हणाला.

"तू बोलत न्हाईस तेच तर हाय! तू येकदा म्हण की, मी दुकान उघडतो. म्हण. मी लखनला आत्ता फोन करून नको म्हंतो."

अजिनाथ म्हणाला नाही. वर्षाराणी दाराआड वाटी घेऊन उभी होती. म्हणा, तिनं मनात म्हटलं. म्हणा हो. वाटीतलं तूप कलंडायला आलं.

"धोंड्याच्या म्हयन्यात नवी गोष्ट काढत न्हाईत," चंद्रभागाबाईंनी मध्येच वेगळंच सुरू केलं. "ना घरभरणी, ना गाडी. इमान तर आभाळातली गोष्ट. दृष्ट लागली तर? आधीच माझ्या लेकराच्या मागं..." त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"नवी कशी आई?" मंगलताई पहिल्यांदा बोलली. "संक्रांतीचं हाय ते. जुनं झालं की आता."

द्वारका पापड घेऊन आली होती. ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "जावयाला मागा म्हणायचं आन् मागितल्यावर न्हाई म्हणायचं, आसं अधिकात कुठं आस्तंय मामा?" ती सासऱ्यांकडं वळून म्हणाली. "उडूं द्या की. पडलं तर पडलं. सांजंला बोलू दुकानाचं."

पडलं तर पडलं. वर्षाराणीला कळेना, जाऊबाईंनी हात दिला का पाय ओढला. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

भगवानरावांनी पाण्याचा घोट घेतला. "जेवा जावईबापू," म्हणाले. "सांजंला तलावात जाऊ."

दुपारी सगळे आडवे झाले. ईश्वरीला झोका देता देता वर्षाराणीनं पाहिलं, सासूबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन विमानापाशी बसल्या होत्या. नाकावर कुंकू लावलं, पंखावर बोटानं स्वस्तिक काढलं, मग बराच वेळ शेपटापाशी खुडबुड करत काहीतरी पुटपुटल्या. आईचा जीव, वर्षाराणीच्या मनात आलं. तिनं झोक्याला हळूच टोला दिला.

पाझर तलाव मार्गशीर्षापासूनच कोरडा होतो. उन्हाळाभर गाळ वाहून वाहून ट्रॅक्टरांनी त्याच्या तळाला सडकेसारखा रस्ता पाडला होता. दिवस कलला, वारा पडला. चंद्रभागाबाई चप्पल काढून बांधावरच बसल्या, जसं काही देवळात आल्या होत्या. भगवानराव काठी टेकून उभे राहिले. किल्लीच्या वजनानं उपरण्याचा शेव सरळ खाली लोंबत होता.

अजिनाथनं रिमोट गळ्यात अडकवला. उजव्या दांडीवर अंगठा ठेवला, मग काढला, सदऱ्याला पुसला, परत ठेवला.

"मी शेजारीच हाय," उत्तरेश्वर म्हणाले. "हात लावत न्हाई. फक्त हाय."

विमान निघालं. गाळाच्या रस्त्यावर धूळ उडवत थोडंसंच धावलं आणि एकदम, फार लवकर, नाक वर करून उठलं. सरळ आभाळाकडं. मंगलताईनं टाळी वाजवायला हात उचलले ते तसेच राहिले.

"दादा, खाली! नाक खाली!"

"दाबतोय!"

"आजून!"

विमान वर जाऊन क्षणभर थबकलं, एका पंखावर कललं, खाली आलं, परत नाक वर केलं. ताडी प्यालेल्या वळूसारखं ते तलावावर झोकांड्या खाऊ लागलं. सकाळी सोन्यासारखा असलेला तोल गेला कुठं ते उत्तरेश्वरांना उमजेना. त्यांचा चेहरा उतरला. "शेपूट जड झालंय," ते स्वतःशीच म्हणाले. "कसं काय? दादा, द्या इकडं. द्या."

"दे की बे त्यांच्याकडं!" बंकटदादा ओरडले. आवाज रागाचा नव्हता. कुट्टीजवळ त्या दिवशी ते असेच ओरडले होते. "आज्या, दे! मोडल सगळं!"

"थांबा," अजिनाथ म्हणाला.

वर्षाराणी विमानाकडं बघतच नव्हती. ती अंगठ्याकडं बघत होती. दांडी सोडली की नाक वर जात होतं, म्हणून ती सारखी पुढं दाबून धरायची होती, एक पळभरही न सोडता. शेंड्याला ते जमेना. अंगठा घसरला, विमान उसळलं, चंद्रभागाबाईंनी "आई गं" केलं. मग त्यानं अंगठा वाकवला. टाचण्या दाबायचा तसा, पेराचा सांधा त्यानं दांडीवर टेकवला आणि जोर लावला. मनगटापर्यंतची शीर तटतटून वर आली. अंगठा जागचा हलला नाही.

विमानानं नाक खाली घेतलं.

थोडं वाकडं, थोडं खालीवर होत, पण ते चालायला लागलं. तलावाला एक वळसा घातला. बाभळींवरून गेलं. मावळतीचं ऊन पंखातून आरपार गेलं, आणि आतल्या फासळ्या एकेक करून दिसल्या, हाताच्या हाडांच्या फोटोत दिसतात तशा. ईश्वरीनं बोट वर केलं आणि "का!" म्हणाली. तिच्या लेखी उडतो तो कावळाच.

"आता उतरवा," उत्तरेश्वर हलक्या आवाजात म्हणाले. "घाई करू नका. जोर तसाच ठिवा."

विमान रस्त्यावर आलं, चाकं टेकली, उडी मारली, परत टेकली. मग एका ढेकळाला अडखळून नाकावर उभं राहिलं आणि सावकाश, लाजल्यासारखं, बाजूला कललं. पुढचा पंखा मोडला. एक चाक वेगळं होऊन घरंगळत बांधापर्यंत आलं, चंद्रभागाबाईंच्या पायाशी.

अजिनाथनं दांडीवरचा हात काढला. तो काढल्यावरही अंगठा वाकलेलाच होता. त्यानं तो डाव्या हातानं हळूहळू सरळ केला, आणि मग बंकटदादा एवढे धिप्पाड गडी मटकन खाली बसले, तिथंच, गाळात.

"काय झालं वो?" द्वारका धावली.

"काय न्हाई," ते म्हणाले. "पाय गेले माझे." आणि डोळे पुसत हसायला लागले. "पाय गेले बे आज्या तुझ्यापायी!"

उत्तरेश्वर विमानापाशी गुडघ्यावर बसले होते. शेपटाखालचा कागद एका जागी उसवलेला होता. त्यांनी आत बोट घातलं आणि काळ्या चिंधीचं एक गाठोडं ओढून काढलं. सोडलं तर आत बिब्बा आणि लिंबाएवढा तुरटीचा खडा.

सगळ्यांच्या माना बांधाकडं वळल्या.

"माझ्याकडं काय बघताव?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "दृष्टीचं हाय ते! फुडं पंखा फिरतो, तिथं कसं बांधू? आन् दृष्ट मागूनच लागती. ट्रकाला बी चप्पल मागंच बांधत्यात का न्हाई?"

"आई," मंगलताई कपाळाला हात लावून म्हणाली, "त्या खड्यानंच पडलं अस्तं की गं ते."

"पडलं का?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. "न्हाई ना पडलं? मग!"

उत्तरेश्वर हसता हसता आडवे झाले. द्वारकानं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. अजिनाथ आईजवळ जाऊन बसला, चाक उचललं, आणि तीही हसायला लागली, मग रडायला, मग त्याचा उजवा हात ओढून घेऊन त्या अंगठ्याचं पेर चोळत राहिली.

भगवानराव एकटेच हसले नव्हते. काठी बगलेत धरून ते उपरण्याची गाठ सोडायला बघत होते. नख लावलं, ओढून पाहिलं. गाठ दाद देईना.

"कापून टाका की मामा," द्वारका म्हणाली. "चाकू आणू का घरून?"

"कापायची असती तर कवाच कापली असती." ते चालत अजिनाथपुढं आले आणि शेव त्याच्यापुढं धरला. "आज्या. सोड."

बंकटदादा उठून उभे राहिले. वर्षाराणीला वाटलं, आता बोलतील. लखनचं नाव निघेल. ते खरंच बोलले. "मळ्यातली मोटार चार दिस झालं गुरगुर करतीया," ते आभाळाकडं बघत म्हणाले. "गेवराईला न्यायची म्हंजे सगळा दिवस मोडतो माझा."

"बेअरिंग गेलं आसंल," अजिनाथ म्हणाला.

"आसंल. मला काय कळतंय त्यातलं?"

"मोठ्या मोटारीची तार वडायला मला अजून जमायचं न्हाई दादा. खोटं कशाला बोलू?"

"मग लखनला हाताखाली घ्या की भावजी," द्वारका पटकन म्हणाली. "तुमी सांगा, तो वडंल. तिथं बी दुसऱ्याच्याच हाताखाली हाय तो. हितं घरच्याच्या तरी राहील."

अजिनाथनं जरा विचार केला. "घेतो," म्हणाला. "पर मोटारीत हात घालायच्या आधी स्विच तो बंद करंल. आन् मी तपाशीन."

दिवाळीपासून घरात कुणी त्याच्यासमोर स्विच हा शब्द काढला नव्हता. आज त्यानंच काढला. वर्षाराणीनं इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो सोडल्यावरच तिला कळलं, की कितीतरी महिन्यांपासून ती अर्ध्या श्वासावरच स्वयंपाक करत होती, धुणं धूत होती, अंगाई म्हणत होती.

अजिनाथनं शेव मांडीवर घेतला. डावा हात आपसूक पुढं गेला, तो त्यानं मागं घेतला. उजव्या अंगठ्याचं नख गाठीच्या पहिल्या वेढ्याखाली घातलं. निसटलं. परत घातलं. कुणी घाई केली नाही. भगवानराव दाव्याला बांधलेल्या बैलासारखे वाकून तसेच उभे राहिले. एक वेढा सैल झाला. ईश्वरी आईच्या कडेवरून उतरली, बापाच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि गाठीवर स्वतःचंही एक बोट ठेवलं.

"हां, ओढ," अजिनाथ तिला म्हणाला. "तू बी ओढ."

दुसरा वेढा आला. तिसरा. किल्ली मऊ गाळात पडली. आवाज झालाच नाही. भगवानराव सरळ झाले आणि मोकळा, चुरगळलेला शेव झटकून त्यांनी खांद्यावर टाकला.

उद्या उपरणं दोन्ही शेवांनी आपटून धुता येईल, एवढंच वर्षाराणीच्या मनात आलं. तिला हसू फुटलं, आणि ती मोडका पंखा उचलायला निघाली.